घासून चकचकीत केलेला राजा

जुन्या नाण्यांची पारख करणाऱ्या अण्णांना गल्लीत सगळे तोफखाना म्हणत. त्या सकाळी एक गवंडी आला. पाया खणताना त्याला रोमन राजाची छाप असलेलं चांदीचं नाणं सापडलं होतं, आणि ते नव्या चमच्यासारखं चकाकत होतं. अण्णांनी भिंग लावलं मात्र, त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कशानं घासलंस हे?"

"तारेच्या घासणीनं. वर लिंबूही चोळलं. छान निघालंय ना?"

"छान? अरे, मातीनं शेकडो वर्षं जपलेला राजा तू एका सकाळीत सोलून काढलास! नाक गेलं, कडेची अक्षरं गेली. आता काय कपाळ ओळखू? जुन्या चांदीवर चढलेला तो काळा थर हीच याची किंमत होती. आता उरली नुसती चांदी, मोडीत घालायची! कुणी शिकवली ही अक्कल?"

"तुम्हीच, अण्णा," गवंडी शांतपणे म्हणाला. "मागच्या महिन्यात माझा भाऊ त्याच जागेवरचं मातीनं माखलेलं नाणं घेऊन आला होता. तुम्ही न बघताच ओरडलात, ही घाण माझ्या टेबलावरून उचल म्हणून."

अण्णांच्या हातातलं भिंग खाली आलं. "मग ते नाणं कुठंय?"

"घाण म्हणालात ना? त्यानं गटारात टाकलं."