पिशवी घातलेला मॉनिटर

चेन्नईत मी टिकले ती अंबुजाक्कांमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझी गडबड होणार... गेल्या महिन्यात त्यांच्या भावाचा फोन आला, "अक्का गेली. पहाटे, झोपेंत." आणि मी काय बोलावं? "अहो, सोमवारी तर आमची तपासणी आहे!" माझीच मला लाज वाटली. ते मात्र रडता रडता हसले. म्हणाले, "तीही हेंच बोलली असती."

मी साताऱ्याकडची. नववीत शाळा सुटली, लग्न झालं आणि चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या उपनगरात, नवऱ्याच्या क्वार्टर्समध्ये येऊन पडले. तमिळ शून्य, इंग्रजी अक्षराला अक्षर लावून. एकदा दुधात पाणी घालतो म्हणून दूधवाल्याशी मराठीतच भांडत होते, तर शेजारच्या दारातून आवाज आला, "अगे, 'तण्णी' म्हण. पाणी म्हटल्यास त्यास कसें कळेल?" त्या अक्का. तंजावरच्या मराठी घरातल्या, जन्मापासून अंध. त्यांची मराठी मला ऐतिहासिक नाटकातली वाटायची आणि माझी त्यांना कायम भांडणाची.

टी. नगरमधल्या एका छोट्या कंपनीत त्या सॉफ्टवेअर तपासायच्या, म्हणजे ते अंध माणसाला वापरता येतं की नाही हे बघायच्या. पडद्यावरचं मोठ्यानं वाचणारा एक प्रोग्रॅम असतो. कानाला हेडफोन, हात फक्त कीबोर्डवर, माउसचं नाव नाही. कानावर आलं ते आणि पडद्यावर होतं ते ताडून सांगणारं कुणीतरी त्यांना हवं होतं. "नववी तर नववी. डोळे आहेत नव्हे?" म्हणत त्यांनी मला नेलं, सहा महिन्यांच्या बोलीवर. रोज वाटायचं, आज कुणीतरी शिक्षण विचारणार आणि उद्या मी घरी.

मला शिकवायची त्यांची तऱ्हा एकच. साडीच्या दुकानातली पिवळी कापडी पिशवी माझ्या मॉनिटरवर चढवायची. "आतां कानांनीं कर."

एकदा दवाखान्यात वेळ घ्यायचा प्रोग्रॅम आला होता. कानात नुसतं "बटन, बटन, बटन". कुठलं कशाचं, कळेना. घाई होती. मी हळूच पिशवीचा कोपरा उचलला, बघितलं, काम उरकलं आणि अहवालात लिहिलं, 'ठीक'.

दुसऱ्या दिवशी तो प्रोग्रॅम बनवणारे लोक यायचे होते. त्याआधी अक्का म्हणाल्या, "काल पिशवी उचललीस."

"तुम्हाला कसं...?"

"जुना मॉनिटर गे. कापड सरकलें कीं चरचरतो. मी सांगणार नाहीं. तूं सांग."

नोकरी गेलीच म्हणून उभी राहिले आणि मोडक्या तमिळमध्ये सांगितलं, मी बघून केलं, 'ठीक' लिहिलं ते चूक आहे, कानात बटनांची नावंच येत नाहीत. त्यांचा इंजिनीअर म्हणाला, नावं दिसतायत की! अक्का उठल्या, चाचपत पिशवी घेतली आणि त्याच्यासमोरच्या मॉनिटरवर चढवली. "वांगो सार, या बसा, डॉक्टरकडे वेळ घ्या." त्यानं हेडफोन लावला. वेळ घेतली, ती स्वतःच रद्द केली, पुन्हा घेतली, पुन्हा रद्द! शेवटी तोच सगळ्यांत मोठ्यानं हसला. जाताना मात्र विचारलंच, या मॅडमचं शिक्षण काय?

अक्का ताडकन म्हणाल्या, "हिला आपली चूक सांगता येते. तुमच्याकडे आहे कोणी असं?"

महिनाअखेरीला नोकरी पक्की झाली.

दुपारी डबा खाताना मी गावाहून आलेली मराठी वर्तमानपत्राची पुरवणी त्यांना वाचून दाखवायचे, कारण आमचा कॉम्प्युटर इंग्रजीच बोलतो. मध्येच थांबवून त्या विचारायच्या, "ह्या यंत्रास मराठी कधीं येणार गे? तुझा घसा किती दिवस पुरेल?"

पिशवी माझ्याच मॉनिटरवर आहे. सांबाराचा डाग तसाच. शेजारच्या खुर्चीला सवयीनं सांगून जाते, "अक्का, चहा आणते..." ज्या दिवशी हे यंत्र धड मराठी बोलेल ना, त्या दिवशी पहिली तपासणी मी करीन, मी लिहिलेला हाच लेख त्याला वाचायला लावून. अक्का, तेवढं तुमचं फेडायचं राहिलंय. कोपरा उचलणार नाही, अक्का. शपथ.