काळ्या धाग्यांचं अंतर

बालमनातल्या सृजनशीलतेला वाव द्यायचा, हे आम्हाला प्रशिक्षणात तीन दिवस शिकवलं. तिन्ही दिवस नाश्त्याला पोहे होते आणि तिन्ही दिवस फळ्यावर तेच एक वाक्य होतं. ते पुसून दुसरं लिहिण्याइतकीही सृजनशीलता कुणी दाखवली नाही. चौथ्या दिवशी मी भिवंडीतल्या माझ्या शाळेत परत आलो आणि वाव शोधू लागलो. एका बाकावर चार-चार मुलं बसत होती, त्यामुळे जरा वेळ लागला.

मी कलाशिक्षकाची पदविका घेतलेला माणूस. मुंबईत माझ्या चित्रांचं प्रदर्शन भरेल, लोक हाताची घडी घालून एकेका चित्रापुढे गप्प उभे राहतील, असा माझा बेत होता. प्रत्यक्षात टेमघरजवळच्या एका खासगी मराठी शाळेत मी शिक्षणसेवक म्हणून लागलो आणि कार्यानुभवाच्या तासाला कागदाचे बेडूक करू लागलो. इथे गप्प कुणीच उभं राहत नव्हतं.

दर जानेवारीत शाळेत मुलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरायचं. मुलांच्या हस्तकलेचं, असं म्हणायची पद्धत होती. एका वर्षी तिसरीतल्या एका मुलानं थर्माकोलचा दीपस्तंभ आणला. आत बल्ब, बल्बला वायरिंग, वायरिंगला बटण. मुलगा मात्र दोन हात लांब उभा, कारण वडिलांनी त्याला हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं. मी विचारलं, "हा पेटतो कसा रे?" तर तो म्हणाला, "पप्पा आल्यावर सांगतील." एका मुलीचा आइसक्रीमच्या काड्यांचा बंगला मला फार ओळखीचा वाटला. मागच्या वर्षी तो तिच्या मोठ्या बहिणीनं 'केला' होता. ज्यांच्या घरी कुणालाच वेळ नसे ते नाक्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून तयार प्रकल्प घेत. त्याच्याकडे ज्वालामुखी लाल आणि केशरी अशा दोन रंगांत मिळायचा.

या सगळ्यावर मी स्टाफरूममध्ये भरपूर तोंडसुख घेत असे. तिसऱ्या वर्षी मी पालकसभेत छाती पुढे काढून जाहीरच केलं, "यंदा घरून काहीही आणायचं नाही. मुलं स्वतःच्या हातानं करतील, वर्गात करतील. वाकडं झालं तरी चालेल. मला वाकडंच हवंय." पालकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या पालकसभेत संडासाच्या दुरुस्तीची घोषणा झाली तरी टाळ्या वाजायच्या, पण त्या दिवशी मला त्या माझ्यासाठीच आहेत असं वाटलं.

मी विणकाम घ्यायचं ठरवलं. पुठ्ठ्याच्या दोन टोकांना खाचा पाडायच्या, उभे धागे ताणून बसवायचे आणि आइसक्रीमच्या काडीला भोक पाडून त्यातून आडवा धागा घालायचा. एक वर, एक खाली. "घरून थोडंसं सूत आणा," म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सुतानं माझं टेबल झाकून गेलं. अर्ध्याअधिक वर्गाची घरं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, चालत होती आणि मी त्यांना विणकाम शिकवायला निघालो होतो. पहिल्याच तासाला एकानं विचारलं, "सर, ये तो मशीन करती है ना? फिर हम क्यों?" मी त्याला सृजनशीलतेचं वाक्य ऐकवलं. त्याचं समाधान झालं नाही.

मी नमुना म्हणून माझा पुठ्ठा वर धरला. पुढच्या बाकावरची एक बारकी मुलगी उठून जवळ आली, बोटानं माझे उभे धागे दाबून म्हणाली, "सर, ताणा ढिला हाय. आसा तुटंल." आणि तो तुटलाच. मग तिनं दोन टोकं घेतली, त्यांच्याकडे न बघता बोटांची काहीतरी हालचाल केली आणि गाठ तयार. तांदळाच्या कणीएवढी. ती गाठ तिनं मला तीन वेळा सावकाश करून दाखवली, तरी मला जमली नाही. पदविकेला ती नव्हती.

ही मुलगी अंबाडीकडच्या खेड्यातून आलेल्या शेतकरी घरातली. तिची आई शेलार गावातल्या एका कारखान्यात कापड तपासायच्या कामाला होती. लूमवरून उतरलेला कापडाचा ताका पुढ्यात पसरायचा, त्यातल्या गाठी, तुटलेले धागे, चुकलेल्या जागा शोधायच्या, काढता येईल ते चिमट्यानं काढायचं, बाकीच्यावर खडूनं खूण करायची. घरी कुणी नसल्यानं शाळा सुटली की मुलगी आईपाशी कारखान्यात जाऊन बसायची, ते थेट आईची सुट्टी होईपर्यंत.

बाकीच्या मुलांनी लाल-पिवळे पट्टे विणायला घेतले. हिचं सगळं पांढरं, आणि मधेच एखादा काळा धागा. दोन काळे अगदी जवळ, मग कितीतरी पांढरं, मग एक काळा, मग लगेच तीन. मी म्हटलं, "अगं, जरा सारखं अंतर ठेव." ती म्हणाली, "सारखं कसं ठेवू सर? लाइट गेली ना, तवाची ती रेघ हाय."

मला काही कळेना. मग तिनं मला, मी तिसरीत असल्यासारखं, नीट समजावून सांगितलं. लाइट गेली की लूम मधेच थांबतो. परत चालू झाला की कापडात त्या जागी एक रेघ उठते, आई ती शोधून काढते. तर हिनं काय केलं होतं, आईनं एक ताका तपासून संपवला की दोन पांढऱ्या ओळी, आणि लाइट गेली की एक काळी. संध्याकाळी कारखान्यात ध्यानात ठेवायचं आणि माझ्या पुढच्या तासाला विणायचं. भारनियमनाचे दिवस होते, त्यामुळे काळ्या धाग्यांना तोटा नव्हता. "हा शनिवार," तिनं एका जागी बोट ठेवलं, "शनिवारी सारखी जात व्हती."

मी गारच पडलो. कागदाचे बेडूक करण्यात तीन वर्षं घालवल्यावर माझ्यासमोर पहिल्यांदा काहीतरी खरं आलं होतं. मी सगळ्या वर्गासमोर तिला सांगून टाकलं, "हे आपण भिंतीवर मधोमध लावायचं." दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळली आणि म्हणाली, "आई येनार हाय बघायला. अर्धा दिवस सुट्टी टाकतेय." तिची आई त्याआधी कधीच शाळेत आली नव्हती, पालकसभा नेमकी ड्युटीच्या वेळात असायची. "मी तिला सांगितलं न्हाय काय विनलंय ते," मुलगी म्हणाली. "ती बगून वळखंल." त्यानंतर रोज ती मला विचारायची, "सर, मधीच लावनार ना?"

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, वर्गात आल्या. शिक्षण खात्याचे साहेब उद्घाटनाला येणार, असा निरोप आला होता. बाईंनी टेबलावरचा ढीग चिमटीत धरून पाहिला. "सर, हे काय आहे?"

"मुलांनी केलंय."

"ते दिसतंच आहे," बाई म्हणाल्या. "साहेबांना वाटेल आपण काही शिकवतच नाही. जरा हात फिरवा सगळ्यावरून."

मी तत्त्वासाठी भांडलो. चहा येईपर्यंत भांडलो. चहा आल्यावर बाईंनी सहज विचारलं, "तुमची तीन वर्षं मार्चमध्ये संपतात ना?" शिक्षणसेवकाला कायम करायचं की नाही, यावर बाईंचाच शेरा लागणार होता. तो चहा मला गोड लागला असं म्हणवत नाही, पण मी तो पूर्ण प्यायलो.

शाळा सुटल्यावर मी हात फिरवायला बसलो. लोंबणारे धागे कापले, वाकड्या कडा ओढून सरळ केल्या. काम भराभर होत होतं आणि खरं सांगायचं तर मला मजाही येत होती. किती दिवसांनी मी स्वतः काहीतरी करत होतो. तिचा पुठ्ठा हातात आला तेव्हा मी थांबलो. मनाशी म्हटलं, कल्पना तिचीच राहणार आहे. काळे धागे तिचेच, पांढरे तिचेच. आपण फक्त मांडणी करू. मग मी काळे धागे एकेक करून उपसले आणि पट्टी लावून, बरोबर एकेका इंचावर, परत घातले. मधेच लाइट गेली. मी वैतागून दोन शिव्या घातल्या, पुठ्ठा खिडकीपाशी नेला आणि उरलेले इंच मोजून संपवले.

सकाळी ते भिंतीवर मधोमध लागलं. दिलेला शब्द पाळण्यात मी काटेकोर. खाली कागदाच्या पट्टीवर सुवाच्य अक्षरात तिचं नाव आणि इयत्ता. मुलगी आली, भिंतीपुढे उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली आणि मग माझ्याकडे वळली. मी घाईघाईनं म्हटलं, "थोडंसं नीट केलंय गं. छान दिसतंय ना?" तिनं मान हलवली. शिक्षकानं विचारल्यावर मुलं हलवतात तशी.

साहेब आले. नेमके तिथेच थांबले. "वा! किती सुबक! अंतर बघा, अगदी एकसारखं!" मग खाली वाकून, "तू केलंस बाळ?" ती माझ्याकडे बघू लागली. मी, मूल्यशिक्षणाचा तासही घेणारा माणूस, मानेनं हो म्हणालो. मग तीही हो म्हणाली. साहेबांनी तिला पहिलं बक्षीस दिलं, बाईंनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं आणि माझं मार्चचं काम तिथेच झालं.

दुपारी तिची आई आली. कामावरून तशीच आली होती, केसांत सुताची बारीक रुई होती. मुलगी तिचा हात धरून आत घेऊन आली, पण भिंतीजवळ आल्यावर तिची चाल मंदावली. आईनं आधी नाव वाचलं, एकेक अक्षर लावत. मग अंगठा कापडावरून वरपासून खालपर्यंत फिरवला, दिवसभर ताक्यांवरून फिरवत असेल तसा. खाली पोचल्यावर परत वर नेला. मी हसून म्हणालो, "पहिलं बक्षीस मिळालंय तिला."

"चांगलं हाय," ती म्हणाली. तिला माझं मन मोडायचं नव्हतं. मग चुकून दुसऱ्याची वस्तू हाती आल्यासारखं म्हणाली, "पन ह्ये माज्या पोरीचं न्हाय, सर. ह्या कशाच्या रेघा? लाइटीच्या म्हनावं, तर लाइट कंदी आशी मापून जाते काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं ओळखलं होतं. मुलगी म्हणाली होती तसं, नुसतं बघून ओळखलं होतं. तिला ते दाखवायचं होतं आणि दाखवायला काही उरलेलंच नव्हतं. तिचा शनिवार कुठला, हे आता मीसुद्धा सांगू शकत नव्हतो. मी "म्हणजे त्याचं काय झालं..." असं सुरू केलं.

मुलगी रडली नाही. तिनं टाचा उंच करून भिंतीवरची नावाची पट्टी काढली, टाचणी परत जागच्या जागी खोचली आणि पट्टी माझ्या हातात दिली.

"सर, तुमचं नाव लिवा," ती म्हणाली. "तुमी केलंय ना."