निळं पातेलं

सुनंदा गेली हे मला कुणी कळवलं नाही. शनिवारी सकाळी मार्केटमधून येत होते, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, आणि आमच्याच ब्लॉकखाली व्हॉइड डेकमध्ये पांढरे पडदे लावलेले दिसले. इथे क्वीन्सटाउनमध्ये कुणी गेलं की इमारतीखालच्या त्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडतात, दोन-तीन दिवस माणसं येऊन बसतात. कुणीतरी म्हातारं गेलं असेल म्हणून मी लिफ्टकडे वळले, तर समोर फोटो. सुनंदा साळवे. तीच ती, एक भुवई जरा वर, जसं काही विचारतेय, 'काय गं, आज काय स्वस्त मिळालं?' मी पिशव्या खाली ठेवल्या की त्या हातातून पडल्या, आता आठवत नाही. तिचे यजमान प्रकाशराव उठून आले, म्हणाले, "परवा सकाळी... मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंतसुद्धा राहिली नाही." मग अगदी सभ्यपणे, "तुम्हाला कळवायचं की नाही, मला समजेना." ती माझ्या डोक्यावर, बरोबर दोन मजले वर राहत होती, आणि चार वर्षांत मी ते दोन मजले चढले नव्हते. प्रकाशरावांचं चुकलं असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार?

सहा आठवडे झाले त्याला. लिहावं की नाही, लिहावं की नाही, करत आज बसलेय. शोकसभेत बोलतात तसं गोड मला बोलता येणार नाही, आणि तिला ते आवडलंही नसतं.

आमची ओळख लिफ्टमधली. मी नुकतीच पुण्याहून आलेले, बँकेतली नोकरी, ओळखीपाळखीचं कुणी नाही. लिफ्टमध्ये एक उंच, सावळी बाई फोनवर कुणाला तरी झापत होती, "येडा का खुळा तू? अरे, आधी पाणी बंद कर ना!" नगरची मराठी! मी अशी काही हसले की तिने फोन तसाच कानाला ठेवून मला विचारलं, "तुम्ही कुठल्या?" झालं. तासाभराने मी तिच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून चहा पीत होते. सुनंदा बुओना व्हिस्टाला एका प्रयोगशाळेत काम करायची, आणि स्वयंपाकसुद्धा प्रयोगशाळेतल्यासारखाच, ओटा लख्ख, सगळं जागच्या जागी. साळवे मंडळी नगरकडची ख्रिस्ती. घरात तुकारामाचे अभंगही म्हटले जायचे आणि नाताळाला करंज्याही व्हायच्या. आमच्या इथल्या मराठी मंडळींना याचं फार कौतुक. 'आपल्या सुनंदाताई' म्हणायचे सगळे, कार्यक्रमात पेटीवर तिलाच बसवायचे. कौतुकाला काय, पैसे पडत नाहीत.

दुसऱ्या वर्षी माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. नवरा फिरतीवर, हिमोग्लोबिन रसातळाला, आणि जेवणावरची वासना पार गेलेली. ही रोज डबा घेऊन खाली यायची. वरणभात, मुगाची खिचडी, कधी चिकनचं सूप. एका शनिवारी मी कशीबशी तिच्याकडे वर गेले, तर घरभर असा वास सुटला होता की पायातलं बळ परत आल्यासारखं वाटलं. गॅसवर ते निळं, जाड बुडाचं, दोन कानांचं मोठं पातेलं. मी झाकण उचलायला गेले तर तिने माझा हात धरला. "हे तुझं नाही गं. बीफ आहे. तुझ्यासाठी वरण टाकलंय."

"वाढ मला," मी म्हटलं.

"नक्की? उद्या मला शिव्या देशील."

"नाही देणार."

शिव्या मी दिल्या नाहीत हे खरं. शिव्या परवडल्या असत्या.

त्यानंतर सहा वर्षं जवळजवळ दर शनिवारी दुपारी मी तिच्याकडे तो स्ट्यू खाल्ला. नुसता खाल्ला नाही, शिकले. मार्केटमधल्या मलय खाटकाकडून ती नडगीचं मांस आणायची. ते कागदाने टिपून कोरडं करायचं, मीठ-मिरी लावायची आणि चार-चार तुकडेच तेलावर टाकायचे. मी घाई करून सगळे एकदम टाकले की ओरडायची, "गर्दी केलीस की पाणी सुटतं, मग ते उकडतं, भाजत नाही! बाजूला हो बरं." चांगले तांबूस झाले की काढून ठेवायचे, त्याच तेलात कांदा, लसूण, टोमॅटो. बुडाला जे करपट चिकटतं ते लाकडी उलथन्याने गरम पाणी घालून खरवडून घ्यायचं, सगळी चव तिथे असते म्हणे. मग तमालपत्र, दालचिनीचा तुकडा आणि तिच्या सासूबाईंनी नगरहून पाठवलेला काळा मसाला अर्धाच चमचा. दोन तास मंद आचेवर नुसतं मांस. भाज्या शेवटच्या पाऊण तासात... गाजर, बटाटा, इथला तो जाडजूड पांढरा मुळा, सगळे मोठे तुकडे. आधी घातल्या तर त्यांचा लगदा होतो. तोवर आम्ही बोलत बसायचो. माझ्या सासूबाई, तिची मुलगी, दोघींचे बॉस, सगळे त्या पातेल्याबरोबर शिजायचे. मग बशीत पाव बुडवून खायचं. खाली येण्याआधी मी बडीशेप चघळायचे. घरी काय खाल्लं विचारलं तर 'चिकन' सांगायचे. सुनंदाला हे माहीत होतं. एकदाच म्हणाली, "बडीशेप संपत आलीय हं तुझी, नवी आणून ठेवते." त्यात टोमणा होता की माया होती, मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही.

मग तो गणपती आला. आम्ही पंचवीस-तीस माणसं एका मैत्रिणीच्या काँडोच्या हॉलमध्ये गणपती बसवतो. त्या वर्षी मसालेभात माझ्याकडे होता, आणि एवढं मोठं भांडं माझ्याकडे नव्हतं. सुनंदाकडे मागितलं. तिने ते निळं पातेलं हातात दिलं आणि हसून म्हणाली, "घे, हे खास गणपतीचं." मला वाटलं, थट्टा करतेय. घरी आणून पाहिलं तर नुसतं चकचकीत. किती घासलंय बाई हिने, असंच माझ्या मनात आलं. ज्यात ती बीफ शिजवते त्यातच मी नैवेद्याचा भात टाकतेय, अशीच माझी समजूत होती, आणि मला त्याचं काडीचंही काही वाटलं नाही. घासलं की झालं, असं म्हणत मी भात केला. म्हणजे एवढी मी सुधारलेली!

हॉलमध्ये पातेलं ठेवलं तसं मोहिनीताईंनी ते ओळखलं. वयाने मोठ्या, सगळ्या सणावाराची सूत्रं त्यांच्या हातात. सुनंदाकडे त्या चहाला जाऊन आलेल्या होत्या. "मेधा, हे साळव्यांचं पातेलं ना? त्यात ती काय शिजवते, ठाऊक आहे ना तुला?" सुनंदा तीन पावलांवर कोशिंबिरीसाठी काकडी चोचवत बसली होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. 'हो, ठाऊक आहे, सहा वर्षं मी त्याच पातेल्यातलं जेवतेय.' किंवा तेही नको, 'घासलेलं आहे, देवाला चालतं' एवढं जरी म्हटलं असतं...

"मला काय ठाऊक!" मी म्हणाले. "मी आपलं मोठं भांडं मागितलं. मला वाटलं, तिला तरी कळत असेल."

ते शेवटचं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. सुनंदाने सुरी खाली ठेवली. भात कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरून होईपर्यंत ती उभी राहिली, मग म्हणाली, "झालं रिकामं? द्या मग." पातेलं कमरेवर घेतलं आणि गेली. बाहेरून जेवण मागवलं, आरती झाली, सगळे जेवले. मीही जेवले, मोदकसुद्धा खाल्ले.

त्यानंतर तिला कुणी काढून टाकलं वगैरे नाही. आपण काय रानटी आहोत? फक्त तारखा कळवायचं राहून जायचं. लिफ्टमध्ये भेटली की ती विचारायची, "काय गं, बरी ना?" पण 'वर ये' कधी म्हणाली नाही, आणि मी कधी गेले नाही. शनिवारी दुपारी खिडकीतून तो वास खाली यायचा. आज जाते, पुढच्या शनिवारी नक्की जाते, असे किती शनिवार गेले. वास येतोय म्हणजे वेळ आहे, असं मी धरून चालले होते.

गेल्या आठवड्यात प्रकाशरावांनी वर बोलावलं. ते घर रिकामं करून नगरला निघाले होते. ओट्यावर दोन निळी पातेली शेजारी शेजारी ठेवलेली. एक काळवंडलेल्या बुडाचं, झाकणाचा टवका उडालेलं. दुसरं नवंकोरं.

"दोन?"

"तुमच्या गणपतीसाठी तिने वेगळं आणलं होतं," ते म्हणाले. "सेरंगून रोडवरून, मुद्दाम तसंच. त्यात कधी अंडंसुद्धा उकडलं नाही तिने."

"मग तेव्हा बोलली का नाही ती?"

"मीही हेच विचारलं. म्हणाली, हे पातेलं स्वच्छ आहे असं मी सांगायला लागले, तर माझं दुसरं घाण आहे, हे मीच कबूल केल्यासारखं होईल. आणि म्हणाली... मेधा बोलेल. एवढ्यात बोलेल."

मी जुन्या झाकणाच्या टवक्यावरून बोट फिरवलं. ते म्हणाले, "तुम्हाला आठवण म्हणून यातलं एक न्या. कुठलं देऊ?"

आता हे लिहिते ते मोहिनीताई वाचतील, सासूबाई वाचतील, वाचू देत. सहा वर्षं मी ज्यातलं खाल्लं, ज्याच्या बुडाची करपट खरवडायला शिकले, ते माझ्यासमोर होतं. आणि माझा हात, मेला, नव्या पातेल्याकडे गेला. प्रकाशरावांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. दोन दिवसांनी मी धावत वर गेले, जुनं मागायला. दाराला कुलूप होतं. ओटा रिकामा करताना जुनी भांडी त्यांनी भंगारवाल्याला दिली, असं शेजारच्या चिनी आंटीने सांगितलं.

नवं पातेलं माझ्या ओट्यावर आहे. काल शनिवार होता. मी मांस आणलं, कागदाने टिपलं, मीठ-मिरी लावली, गॅस पेटवला... आणि बंद केला. नवऱ्याने विचारलं, हे कुणाचं? मी म्हटलं, सुनंदाचं. तो जरा थांबला, तसं माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नवीन आहे, काही शिजवलेलं नाही त्यात."