चिखलात अर्धं राहिलेलं रडणं

पोरींनो, जरा फोनजवळ सरका. फोनवरून "मावशी, जर्मनीचे फोटो टाक ना" म्हणायला तुमचं काय जातं? ढाणकीला एसटीतून उतरून आमच्या तांड्यापर्यंत यायला मात्र तुमच्यातल्या एकीलाही सवड होत नाही. कोणी पुण्यात, कोणी नागपुरात, आणि सगळ्यांना कायमची घाई. फोटो रंजनाच्याच फोनमध्ये राहिले. माझ्याजवळ फक्त सांगणं आहे. ते तरी नीट बसून ऐका.

रंजना माझी धाकटी. नागपूरला नर्सिंग शिकली आणि तिकडूनच जर्मनीला गेली. तिथल्या दवाखान्यात नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा तिचा बा गेला. तिला येता आलं नाही. पुतण्यानं फोन उंच धरला आणि तिनं सरण फोनवर पाहिलं. मध्येच रेंज गेली. नंतर मी विचारलं, कुठवर दिसलं तुला? तिनं फोन ठेवून दिला.

आपल्या गोर (बंजारा) बायांची रीत तुम्हाला माहीत आहे, निदान माहीत असायला पाहिजे. घरात मरण झाल्यावर मायलेकी पहिल्यांदा भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात. एक बोल आईनं काढायचा, दुसरा लेकीनं. गेलेल्या माणसाची एकेक आठवण सुरात ओढत आणायची. जिच्या गळ्यात पडलं तिनं उत्तर द्यायचंच. रडणारीला अर्ध्यावर सोडत नाहीत. माझं रडणं नणंदांशी झालं, सुनांशी झालं, थोरल्या लेकीशी झालं. रंजनाशी तेवढं राहिलं. ते माझ्या गळ्यात तसंच बसलेलं होतं. घास गिळतानासुद्धा कळायचं.

म्हणून मी पासपोर्ट काढला. तांड्यातल्या लोकांना वाटलं, म्हातारी फॉरेन पाहायला चालली. मी कोणाला काही सांगितलं नाही. पिशवीत ज्वारीचं पीठ, ठेचा आणि माझी आरसे लावलेली ओढणी घेतली. रडताना दोघींच्या डोक्यावर एक ओढणी लागते ना. पुतण्यानं नागपूरच्या विमानतळावर सोडलं आणि म्हणाला, "काकी, घाबरू नको, बाण दाखवते तिकडं चाल." तशी मी बाण पाहत पाहत जर्मनीला पोचले.

विमानतळावर रंजना काळा शर्ट घालून उभी होती. वाळली होती. मी हात पसरून पहिला सूर घेणार, तेवढ्यात तिनं माझे खांदे धरले. म्हणाली, "इथं नको, याडी (आई). लोक पाहून राह्यले."

बरं, घरी. घरी गेलो तर खालच्या मजल्यावर म्हातारं जोडपं, भिंती पातळ, आवाज केला तर तक्रार होते म्हणे. सकाळी तिची ड्युटी. परत आली की ती झोपायची आणि मी तिच्या उशाशी बसायची. माझं लेकरू माझ्यासमोर होतं, आणि मी खिडकीतून लोकांचे कुत्रे पाहत होते.

मग एक दिवस म्हणाली, सुट्टीत मी एका गाण्याच्या जत्रेला जाते, तिकीट आधीच काढलेलं आहे, तुला एकटीला कुठं ठेवू, तू पण चल. मी विचारलं, कोणतं गाणं? ती म्हणाली, "मेटल. मोठ्यानं असते. तुले आवडणार नाही."

पोरींनो, रस्ताभर दोन्हीकडं नुसता गहू, आणि मग एकदम दुसरंच काही दिसलं. माळभर तंबू. जिकडंतिकडं काळे कपडे, दाढ्या, हाडांची चित्रं काढलेले दंड. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेलेला, आणि चिखल आपल्या काळ्या मातीसारखाच चिवट. माझा एक बूट त्यात राहिला तो राहिलाच. एका बाप्यानं हात घालून शोधला, त्याला दुसऱ्याच कोणाचा सापडला. तोच मला बसवला त्यानं. मापात नव्हता, पण मी घातला.

त्याचं नाव उवे, तंबू आमच्या शेजारी. बिनबाह्यांचं जाकीट, त्यावर कापडाचे बिल्ले शिवलेले, एवढे की खालचं कापड दिसेना. त्यानं माझी ओढणी पाहिली. आरशांभोवतीचा टाका बोटानं चाचपला आणि आपले बिल्ले दाखवले. ते त्यानं स्वतःच शिवले होते. टाका कच्चा होता. एक बिल्ला उसवत आला होता, तो मी काढून पक्का घातला. तो बिल्ला त्याच्या वारलेल्या भावाच्या जाकिटावरचा, असं रंजनानं मला सांगितलं. मी विचारलं, भावासाठी रडला का हा? तिनं त्याला विचारलं. तो म्हणाला, दर वर्षी इथं येऊन रडतो. मी त्याला भाकरी आणि ठेचा दिला. तो खाऊन लाल झाला आणि तरी अजून मागत राहिला.

तिथं माझ्या मनानं घेतलं, बाई, हीच जागा. इथं कोणी तक्रार करत नाही. सगळेच मोकळ्या गळ्यानं ओरडतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऊन अजून होतं, रंजनानं मला उंचवट्यावर खुर्ची दिली, कानात बोळे घातले आणि ती खाली गर्दीत गेली. गाणं सुरू झालं तशी खुर्ची थरथरायला लागली. गाणारा असा ओरडायचा, जणू कोणाचं तरी मढं उचलत आहेत. आणि माझी पोर केस मोकळे सोडून, मान खाली-वर करून, अंगात आल्यासारखी ओरडत होती. तोंड लाल, डोळे कोरडे. मला बसवेना.

मी एका मापाच्या आणि एका बिनमापाच्या बुटात खाली उतरले. लोकांनी वाट दिली. मी तिच्या गळ्यात हात घातला, दोघींवर ओढणी ओढली आणि सूर काढला. तिच्या बाचं नाव घेतलं. तो तिला खांद्यावर घेऊन शाळेत सोडायचा, तो बोल घेतला. ओढणीखाली तिचं अंग लाकडासारखं झालं. मी थांबले, तिच्या बोलाची वाट पाहिली. आला नाही. मी दुसरा बोल घेतला.

तेवढ्यात मंचावरचं गाणं संपलं आणि टाळ्या पडल्या. ओढणी सरली तर आमच्याभोवती लोकांनी मोकळं रिंगण केलं होतं. हात वर करून ओरडत होते, फोन धरले होते. त्यांना वाटलं, म्हातारी गाऊन राह्यली. वाईट मनानं कोणी केलं नाही, आनंदानंच केलं. एका पोरीनं माझ्या कपाळाला ओठ लावले.

रंजनानं ओढणी माझ्या हातात दिली. "बस कर, याडी."

मी अर्ध्यावर थांबले. उभ्या जन्मात मी कोणाला अर्ध्यावर थांबलेलं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. दोघी तंबूत बसलो, कडेनं पाणी आत येत होतं. मी विचारलं, "काहून वं? बाचं दुःखच नाही का तुले?"

ती बुटाचा चिखल खरवडत होती. मग म्हणाली, "मागच्या वर्षी इथंच रडली मी. त्याच गाण्यात. घसा बसेपर्यंत ओरडली."

"एकटी?"

"इतके लोक होते."

"तुह्या बाला ओळखणारं एक तरी होतं का त्याच्यात?"

ती पुन्हा बूट खरवडायला लागली. उवेनं बाहेरून चहा दिला, बिनदुधाचा, तो तसाच थंड झाला.

परतीच्या दिवशी विमानतळावर तिनंच माझी पिशवी उघडली. ओढणी काढली, दोघींच्या डोक्यावर घेतली आणि माझ्या गळ्यात पडली. लोक पाहत होते. पोरींनो, माझ्या जिवाचं काय झालं सांगू. मी वाट पाहिली. तिचा श्वास वर आला, "बापू" एवढं निघालं आणि पुढं काहीच नाही. पुन्हा श्वास घेतला. पुन्हा तेवढंच. मग माझ्या कानाशी म्हणाली, "याडी, मले येतच नाही. मले कोणी शिकवलंच नाही."

खरंच होतं. हा सूर लगीन ठरल्यावर म्हाताऱ्या बाया नवरीला शिकवतात. तिचं लगीनच झालं नाही, आणि त्या वयात ती नागपूरच्या होस्टेलवर पुस्तकं वाचत होती. माझ्या थोरलीला आलं म्हणून मी धरून चालले की हिलाही येते. बाप गेल्यावर तिनं जिथं आवाज निघतो तिथं जाऊन काढला, आणि मी तिला कोरडी समजले.

माझ्या विमानाचं नाव पुकारलं. मी एकटीनंच एक बोल म्हटला, तिच्या वाटेचा. मग बाण पाहत निघाले.

इथं तांड्यात परत येऊन बरेच दिवस झाले. गळ्यातलं तसंच आहे. रंजनाला फोनवर शिकवून पाहते. मध्येच आवाज तुटतो, ती "हॅलो हॅलो" करते, सूर तिथंच राहतो. तांड्यात हा सूर पुरा येणाऱ्या बाया आता मोजक्या उरल्या, आणि माझा गळा सकाळी धरतो. मी गेल्यावर धावत याल, मला माहीत आहे. येऊन माझ्या उशाशी मुक्या उभ्या राहाल, आणि कोणी फोन धरेल.

तसं करू नका. मी आहे तोवर या. घर उघडंच असते, भाकरीही होईल. ओढणी धुऊन ठेवली आहे. लवकर या, आणि येताना राहायच्या तयारीनं या, एका दुपारीत हे शिकून होत नाही.