ड्वेल आणि गॅरेजमधले खोके

प्लेनोच्या आमच्या घरी गाडी बाहेर उन्हात उभी असते आणि गॅरेजमध्ये खोके राहतात. रिकामे. मिक्सरचा, मायक्रोवेव्हचा, टीव्हीचा, सगळे आतल्या थर्माकोलसकट. ‘दोन वर्षांत मायदेशी परत जायचंय, पॅकिंगला लागतील,’ असं नवरा म्हणाला त्याला एकवीस वर्षं झाली. असे खोके ओळखीच्या बऱ्याच मराठी घरांत सापडतील, पण इतके जिवापाड जपलेले फक्त आमच्याकडे.

मला त्या जागेत कुंभाराचं चाक बसवायचं होतं. तीन वर्षं क्लासला जाऊन माझा हात चांगला बसला होता, आणि पन्नाशीच्या आत मला माझी स्वतःची जागा हवी होती. पण विषय काढला की नवऱ्याला नेमकं ऑफिसचं काम आठवायचं. मी भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. अबोला त्याला बहुधा आवडला.

मग सुट्टीत मुलगी घरी आली. ती कॉलेजात भाषाशास्त्र शिकते, आणि तिला एका जुन्या जर्मॅनिक क्रियापदावर पेपर लिहायचा होता. पोहे खाता खाता तिने आम्हाला त्याचा मुद्दा ऐकवला.

“ड्वेल म्हणजे आज राहणं, राइट? पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लिशमध्ये इट मेंट भुलवणं, वाट चुकवणं. मग अडवणं, उशीर करणं. मग रेंगाळणं. अँड देन, घर करून राहणं.”

“म्हणजे वाट चुकली, उशीर झाला आणि राहिलोच,” नवरा म्हणाला. “आमचंच सगळं आलं की यात.”

“बाबा, मी हे पेपरमध्ये कोट करू?”

तो हसला, चहा संपवला आणि कटर घेऊन गॅरेजमध्ये गेला.

दुपारपर्यंत तो शिट्टी वाजवत खोके कापत होता, सपाट करून रिसायकलिंगसाठी रचत होता. मी पावलांनी चाकाची जागा मोजत होते. मला इतका आनंद झाला होता की त्याच्या बेसूर शिट्टीबद्दलही मी काही बोलले नाही. शेवटी त्याने टीव्हीचा खोका ओढला. आतला टीव्ही मोडीत जाऊनच आठ वर्षं झाली होती.

“हा राहू दे,” मी म्हणाले, आणि मला एकदम रडू फुटलं.

त्याने कटर मिटून खिशात टाकला.

“बरं,” तो म्हणाला. “चाक जरा डावीकडे घेऊ.”