आप्पांचा रविवारचा चोरीस-पाव

रविवारी सकाळी आप्पा मला आमच्या मच्छे गावाहून गाडीवर शहरातल्या कॅम्पात न्यायचे. तिथं एक मावशी गोव्याचं चोरीस, म्हंजे डुकराचं तिखट-आंबट सॉसेज, कांद्यात परतून पावात भरून द्यायची. लई म्हंजे लईच भारी! आमच्यात डुक्कर चालत न्हाय, म्हणून आप्पा दर वेळी म्हणायचे, "घरात बोलू नगंस गं."

आप्पांच्या रक्षाविसर्जनाला नैवेद्याला कावळा शिवंना. भाकरी, मटण, पेढा, सगळं ठेवलं होतं. काका हात जोडून म्हणाला, "पोरीचं लगीन मी लावतो, दादा!" तरीबी न्हाय.

त्यांना काय पायजे ते मला एकटीलाच ठाऊक होतं. मी बोललेच न्हाय. शेवटी गाईला घास घालून सगळे परतले.

आजबी जेवताना आई मधीच विचारती, "काय राहिलं असंल गं त्यांचं?" मी तिच्या ताटात अजून एक भाकरी वाढते.