पहिला नंबर

अमरावतीत कॉलेजप्रवेशाचे फॉर्म भरून देणारा तो माणूस बापांकडे बघतच नाही. आधी सावकाश चष्मा पुसतो, मग थेट लेकराला विचारतो, "बोल, तुले काय पायजे?"

उत्तर मीच दिलं. माझ्या साळ्याचा, म्हणजे बायकोच्या भावाचा, पोरगा पुण्यात शिकतो, असं सांगून पहिल्या नंबरावर पुण्याचंच कॉलेज टाकायला लावलं.

"पयल्या नंबरचं लागलं तर घ्याच लागते, साहेब," म्हणत त्यानं माऊस माझ्या मुलीपुढे सरकवला. "तूच ठरव, बाई."

तिनं माझ्याकडे न बघता अकोल्याचं, स्वतः दोनदा पाहून आलेलं कॉलेज वर नेलं. तेच लागलं.

पुण्याची फी मी नंतर पाहिली; ती मला झेपलीच नसती. पेढे घेऊन त्याच्याकडे गेलो, तर चष्मा पुसत तो म्हणाला, "साहेब, आता साळ्याले काय सांगान?"